टेबलाच्या शेवटचे डबे

हुसेनभाई, तुमच्याबद्दल मला समतोल लिहायला सांगितलं आहे. आपल्या मराठी मंडळाच्या नव्या सेक्रेटरीचा परवा फोन आला. म्हणाला, "मॅडम, शुक्रवारी शोकसभा आहे, एक पान छापायचंय. तुम्ही इकॉनॉमिक्सच्या टीचर, तुम्ही बॅलन्स्ड लिहाल. सरांच्या पॉलिसीजबद्दल दोन्ही बाजूंची मतं आहेत ना." तुम्हाला 'सर' म्हणणारा हा पहिलाच माणूस. मस्कतला मवालेहच्या भाजीबाजारात कांद्याबटाट्याच्या पेट्या उचलण्यात जन्म काढलेला रत्नागिरीचा माणूस मेल्यावर एकदम सर झाला, हे ऐकून तुम्ही खोकला लागेपर्यंत हसला असतात.

समतोल, आणि तोही माझ्याकडून! आपण दोघं एका खोलीत आलो की लोक भांडण ऐकायला खुर्च्या जवळ ओढायचे. तुम्ही अध्यक्ष होतात तेव्हा आपण भांडलो, निवडणुकीत पडलात त्यानंतरही भांडलो. गेल्या महिन्यात हॉस्पिटलात तुमच्या नाकात नळी होती, तरी मी आत आल्याबरोबर तुम्ही बोटांनी खूण करून विचारलंत, कच्च्या तेलाचा आजचा भाव काय? मी सांगितला. तुम्ही हात हलवलात, म्हणजे जाऊ दे, तुझंच खरं. मला ते मुळीच आवडलं नाही. तुम्ही वाद सोडून देता आहात म्हणजे काय चाललंय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सोमवारी तुम्हाला अमरातच्या कब्रस्तानात नेलं. माझा नवरा मिलिंद गेला होता. घरी येऊन बूट काढता काढता मला म्हणाला, "सावंतसाहेब पण आले होते." सावंतसाहेब म्हणजे तुमच्या आधीचे अध्यक्ष, ज्यांनी कितीतरी वर्षं तुमच्याशी नमस्कारापलीकडे बोलणं ठेवलं नव्हतं. त्यांनी तीन मुठी माती दिली आणि नंतर हात न झटकता तसेच उभे राहिले म्हणे. मी मिलिंदला दोनदा विचारलं, नक्की हात झटकले नाहीत? तो म्हणाला, "अगं, मी काय त्यांच्या हातांकडेच बघत होतो का?" बघतच होता. आपल्या मंडळात सगळे सगळ्यांच्या हातांकडेच बघत आले आहेत.

सेक्रेटरीला तुमच्या काळातलं काहीही माहीत नाही. त्याला वाटतं मंडळ म्हणजे हॉटेलातला गणपती, सेल्फीची कमान आणि बुफे. तेलाचे भाव कोसळले तेव्हा तो पुण्यात कॉलेजात होता. मस्कतमध्ये तेल पडलं की आधी पेपरात दिसतं, आणि मग बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये. लिफ्टमध्ये चिकटवलेले 'सोफा विकणे आहे', 'फॅमिली परत जात आहे' असे कागद. आमच्या घुब्राच्या बिल्डिंगमध्ये एका हिवाळ्यात तो कागद लावायला जागा उरली नव्हती. त्यावर महामारी आली. टाळेबंदी उठल्यावर मंडळाची पहिली सभा दार्सैतच्या हॉलमध्ये भरली तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, तिजोरीत खडखडाट होता, आणि अध्यक्ष व्हायला कोणी तयार नव्हतं. तुम्ही मागे दाराशी चपला नीट लावत होतात. कोणीतरी थट्टेत म्हणालं, हुसेनभाईंना करा. तुम्ही मान वर करून म्हणालात, "होतो की. त्यात काय."

आणि महिन्याभरात तुम्ही आमची झोप उडवलीत. हॉटेलातले कार्यक्रम बंद केलेत. भारतातून कलाकार बोलावणं बंद केलंत. ज्याची नोकरी गेली त्याची वर्गणी माफ केलीत, आणि ती माफ झालीय हे फक्त तुम्हाला माहीत राहील असं ठरवलंत. सावंतसाहेबांनी मुंबईहून हौसेनं शिवून आणलेला नाटकाचा मखमली पडदा तुम्ही सोहारच्या एका लग्नमंडपवाल्याला विकून टाकलात. सावंतसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्यात मला काहीही हसण्यासारखं वाटलं नव्हतं. आजही वाटत नाही.

माझ्यावर तर तुम्ही थेट कुऱ्हाड चालवलीत. शनिवारचा मुलांचा मराठी वर्ग मी नऊ वर्षं चालवत होते. तुम्ही त्याची भाड्याची खोली सोडून दिलीत आणि मला म्हणालात, "घराघरात घे गे वर्ग, मास्तरीणबाय." घराघरात वर्ग होत नसतो, हुसेनभाई. घराघरात चहा होतो. सहा महिन्यांत वर्ग बंद पडला. माझी केतकी आज अठरा वर्षांची आहे आणि भाभींशी, म्हणजे तुमच्या बायकोशी, बोलताना "मला खूप सॉरी फील होतंय" असं म्हणते. हे तुमच्या खात्यावर मी तेव्हाही टाकलं होतं आणि आजही टाकते. माणूस गेला म्हणून त्याची चूक बरोबर होत नाही. सेक्रेटरीला समतोल हवा आहे ना, मग हे पानावर येणारच.

पण लोक तुमची आठवण काढतात ती डब्यांवरून. चांगली आणि वाईटही.

दर दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांनी हॉलवर यायचं. प्रत्येक घरानं एक भरलेला डबा आणायचा, फडक्यात बांधून, बंद. तो टेबलावर ठेवायचा. गाणी, गप्पा, वाढदिवस, जे असेल ते करायचं आणि जाताना दुसरा कुठलाही एक डबा उचलून घरी न्यायचा. तिथे उघडायचा नाही. पुढच्या वेळी तोच डबा धुऊन, भरून परत आणायचा. केटररचा खर्च गेला आणि माणसं यायला लागली, कारण दुसऱ्याच्या घरचं काय निघतंय याची सगळ्यांना उत्सुकता. पहिल्या शुक्रवारी आमच्याकडे आलेल्या डब्यात कोलंबीचं आटवण निघालं. मिलिंद माझ्यासारखाच कामठीचा, कोलंबी बघून आधी बिचकला, मग डबा पुसून खाल्ला.

योजना मांडली त्याच दिवशी मी उभी राहिले होते. मी म्हटलं, "अध्यक्ष, बंद डबा आणायचा आणि बंद डबा न्यायचा, तर लोक रिकामे डबे आणतील. फुकट्यांची सोय होईल. हे मी अकरावीला शिकवते." तुम्ही शांतपणे ऐकलंत.

"आणू दे गे," तुम्ही म्हणालात. "रिकामा डबा आणणारा एकतर लबाड असेल, नायतर उपाशी. लबाड दोनदा येईल, तिसऱ्यांदा त्याची बायकोच त्याला हाकलून देईल. उपाशी माणूस मात्र परत परत यायला पायजे. तो यायचा बंद झाला, की मंडळ खलास."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसले, पण पटलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र तुमच्याही लक्षात आली नव्हती, आणि ती आपल्याच लोकांकडून होऊ शकते. बंद डबा, कोणाचा ते कळायचं नाही, सगळं गुपित. आणि पहिल्या शुक्रवारी घरोघरी डबे उघडले तर झाकणांवर ठसठशीत नावं! सौ. मंगल अमुक यांस आत्याकडून सप्रेम भेट. चि. अमुक याच्या मुंजीनिमित्त. महाराष्ट्रातून आलेलं स्टीलचं भांडं नाव घातल्याशिवाय कसं असेल? दुसऱ्या दिवशी सगळ्या मस्कतला कळलं की कोणाच्या भाजीत मीठ जास्त होतं. पुढच्या वेळी तुम्ही बाजारातून पेट्यांना लावायची तपकिरी चिकटपट्टी घेऊन आलात आणि दाराशी उभे राहून प्रत्येकाच्या झाकणावरच्या नावावर पट्टी मारलीत. "यल्ला, चला, नाव झाका, नाव झाका," असं ओरडत होतात. इतके आपण कधी हसलो नव्हतो.

आता पुढचं लिहायला मला आवडणार नाही. तरी लिहिते.

मिलिंदची नोकरी त्याच सुमारास गेली होती. आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं. इथे नोकरी गेल्याचं सांगणं म्हणजे लिफ्टमध्ये स्वतःच्या नावाचा कागद लावणं. माझ्या शाळेनं पगार निम्म्यावर आणला होता, आणि त्या महिन्यात घरभाड्याचा चेक वटला तेव्हा घरात मूठभर तांदूळ, मूठभर डाळ आणि केतकीसाठी ठेवलेलं दुधाचं पाकीट उरलं. शुक्रवार होता. वर्गणी माफ करून घ्यायला तुमच्याकडे यावं लागलं असतं, आणि तुमच्याकडे यायचं म्हणजे ज्या माणसाला मी भर सभेत धडा शिकवला त्याच्यासमोर उभं राहायचं. ते माझ्याच्यानं झालं नसतं. घरी राहावं, तर लोक विचारणार, टीचर का नाही आल्या? मग मी आईनं दिलेला कडीचा डबा काढला, झाकणावर पट्टी लावली, आणि खाली जाऊन बिल्डिंगच्या बागेतले पांढरे गोटे ओंजळभर आणून त्यात भरले. हलका लागला तर कोणाला शंका येईल म्हणून. मी, अकरावीला फुकट्यांचा धडा शिकवणारी बाई, फडक्यात गोटे बांधून दार्सैतला गेले आणि तिथून कोणाच्या तरी घरची कोबीची भाजी, पोळ्या आणि शिरा घेऊन आले. केतकी शिरा खाताना म्हणाली, "आई, धिस इज द बेस्ट वन." मिलिंद ताटावरून उठून गॅलरीत गेला.

तेव्हापासून मला एकच भीती होती. ते गोटे कोणाच्या पुढ्यात गेले? कुठल्या घरात पोरांनी आशेनं कडी काढली? पुढची कित्येक वर्षं मी मंडळातल्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघत आले आहे, हिला तर नव्हे? कोणीच कधी काही बोललं नाही, आणि मला वाटायचं, किती मोठ्या मनाचं कोणीतरी आहे आपल्यात.

पुढच्या सभेला तुम्ही नवा नियम काढलात. जो टेबल लावेल त्याला डबा आणणं माफ, न्यायचा मात्र न्यायचा. आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "ह्या खेपेपासून टेबल मास्तरीणबाय लावेल." मी आतून पेटले. वाटलं, विरोधात बोलले म्हणून मला हमाली दिली. पाच महिने मी ते टेबल लावलं. तुम्ही शेजारी उभे असायचात. मी डबा उचलायला गेले की म्हणायचात, "उचलू नको. तू फडकी सारखी कर, उचलायचं काम माझं." प्रत्येक डबा तुम्ही स्वतः उचलायचात, क्षणभर हातात तोलायचात आणि ठेवायचात. बहुतेक पुढे. दोन-तीन मात्र टेबलाच्या अगदी शेवटी, भिंतीला लागून. जाताना लोक पुढून डबे उचलत जायचे, आणि सगळ्यात शेवटी तुम्ही. ते दोन-तीन डबे पिशवीत घालून घेऊन जायचात. मी बघत होते. मला वाटायचं, भाजीवाल्याचे हात; आत मटण आहे की भोपळा हे वजनावरून ओळखतो, आणि चांगलं स्वतःसाठी काढतो.

मग तेल वर आलं. मिलिंदला दुसरी नोकरी मिळाली, लिफ्टमधले कागद गेले, नवी कुटुंबं आली, वर्गणी भरली गेली. वार्षिक सभेत तुमच्या बाजूचे लोक म्हणाले, हुसेनभाईंनी मंडळ सावरलं. सावंतसाहेब म्हणाले, मंडळाची शान घालवली, आता परत हॉटेलात जाऊ. दोन्हीकडचे लोक माझ्याकडे बघायला लागले, आणि मला बोलायला कोणी सांगायची गरज कधीच नसते.

माझं भाषण चांगलं झालं, हुसेनभाई. खोटं कशाला बोलू? मी सांगितलं की मंडळ सावरलं ते तेलानं. भाव वर आला, कंपन्या उघडल्या, माणसं परत आली. अध्यक्षांनी डबे फिरवले नसते तरी हेच झालं असतं. कोंबडं आरवलं म्हणून तांबडं फुटत नाही. हॉल हसला, आणि तुम्हीही हसलात. तिथेच मी खाली बसले असते, तर आज मला हे लिहावं लागलं नसतं. पण टाळ्या वाजल्या की माझी जीभ माझी राहत नाही. मी पुढे म्हटलं, "आणि टेबलाच्या शेवटी काही डबे राखून ठेवले जातात. मी स्वतः टेबल लावलं आहे, मी पाहिलं आहे. ते डबे कुठे जातात, हे अध्यक्षांनी सांगावं."

तुम्ही उठलात. माझ्याकडे नाही, समोर बघितलंत.

"माझ्या घरी जातात," तुम्ही म्हणालात आणि बसलात.

बस, एवढंच. त्या दिवशीच्या निवडणुकीत तुम्ही पडलात. डब्यांची योजना पडली. आणि 'टेबलाच्या शेवटचे डबे' हा मंडळात वाक्प्रचार झाला. कोणी बुफेत दोन गुलाबजाम जास्त घेतले की लोक म्हणतात, काय रे, शेवटचे डबे का?

तुम्ही माझ्यावर रागावला नाहीत, याचाच मला राग यायचा. मवालेहला गेले की माझ्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी तुम्हीच निवडून टाकायचात. बाजार तिथून हलला तरी तुमच्या तोंडी 'मवालेह'च राहिलं. आपला वाद तिथेच, गाड्यांच्या धुरात उभं राहून चालायचा. मी म्हणायचे, कबूल करा, तेलानं सावरलं. तुम्ही म्हणायचात, "तेलानंच गे. मी कुठं नाय म्हणतो? पण तेलाचा भाव आपल्या हातात नसतो. डबा असतो." मी म्हणायचे, हे उत्तर नाही. तुम्ही म्हणायचात, "नाय तर नाय. आलं घे, ताजं हाय." तुम्हाला वाद जिंकायचा नव्हता. ते मला आता कळतंय.

काल मी भाभींना भेटायला आले होते. त्या इद्दतीत आहेत, नवऱ्यामागे पाळायचे दिवस; घराबाहेर पडत नाहीत. खिडकीशी बसल्या होत्या. बोलायला दुसरं काही सुचेना म्हणून त्या डब्यांच्या दिवसांबद्दल बोलायला लागल्या. म्हणाल्या, "शुक्रवारी आमच्याकडे उपासच असायचा गे. हे दोन-तीन डबे घेऊन यायचे, सगळे रिकामे. हाताला हलके लागले की तेच उचलून आणायचे. मी म्हणायची, अवो, अध्यक्षाच्या घरी रिकामे डबे? तर म्हणायचे, आज डब्यात हवा आलीय, खबूस रोटी काढ, कांदा चीर. मग मी ते डबे भरून द्यायची. पुढच्या खेपेला हे गुपचूप टेबलावर ठेवायचे."

सगळेच रिकामे? मी विचारलं.

"आणि एकदा तर दगड निघाले," भाभी म्हणाल्या, आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच हसल्या असाव्यात, कारण शेजारची बाई चमकून बघायला लागली. "पांढरे गोटे! म्हणाले, उचलला तेव्हाच खडखडला. भात काय खडखडतो? इतके हसले, आणि मग डबा धुवायला उठले. जेवले नाहीत त्या दिवशी. ते काय, तिथं ठेवलेत." खिडकीतल्या मनीप्लांटच्या कुंडीत माझे गोटे होते. आमच्या बिल्डिंगच्या बागेतले, पांढरे, एका बाजूला शेवाळ धरलेले.

निघताना भाभींनी आतून फडक्यात बांधलेला डबा आणून दिला. "हा तुझा म्हणाले. हॉस्पिटलात जाताना सांगून गेले, मास्तरीणबायला दे. घरात शिजवायचं मन नाय बघ, म्हणून नुसते तांदूळ भरलेत. रिकामा कसा देऊ?" हा डबा त्यांच्या घरी का होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तुम्ही त्यांनाही सांगितलं नव्हतं.

घरी आणून मी तो उलटा केला. झाकणावर मी लावलेली पट्टी होती. तळालाही एक पट्टी होती, तपकिरी, ती मी लावलेली नव्हती. ती सोलली. माझ्या आईचा जगावर विश्वास नव्हता. कामठीला विहारातल्या भोजनाला भांडी बदलतात म्हणून ती प्रत्येक डब्यावर दोन ठिकाणी नाव घालून घ्यायची, झाकणावर आणि तळाला, आणि तळाचं मी विसरले होते. 'कु. सुजाता हिस, एम. ए. झाली म्हणून, आईकडून.' त्या शुक्रवारी तुम्ही डबा धुवायला घेतलात आणि हे वाचलंत. मग पट्टी लावलीत. आधी तो फिरवायचा विचार असेल, पण पट्टी निघाली तर? म्हणून घरातच ठेवलात. आणि मला टेबलाचं काम दिलंत, म्हणजे डबा माफ.

सगळ्या सभेसमोर मी विचारलं होतं, ते डबे कुठे जातात? "ते रिकामे असतात," एवढं म्हटलं असतंत तर तुम्ही अध्यक्ष राहिला असतात. मग लोकांनी विचारलं असतं, रिकामे कोण आणतं? तुम्ही समोर बघत बसून राहिलात. तुम्हाला उत्तर ठाऊक होतं आणि ते उत्तर पाचव्या रांगेत उभं राहून तुमच्यावर बोट रोखत होतं.

मला लाज वाटते, हुसेनभाई. पण शोकसभेत मी डोळे पुसत बसलेलं तुम्हाला आवडलं नसतं, आणि मलाही जमणार नाही. मी पान लिहिलं आहे. ते समतोल आहे. त्यात लिहिलंय की मराठी वर्ग बंद केला ही तुमची चूक होती आणि ती अजून आमच्या मुलांच्या जिभेवर दिसते. सावंतसाहेबांचा पडदा त्यांना विचारून विकायला हवा होता, हेही लिहिलंय. मंडळ तेलानं सावरलं, हे माझं मत मी तसूभरही बदललेलं नाही, आणि अकरावीला अजून तेच शिकवणार आहे. पण तेल वर यायला दीड वर्ष लागलं, आणि माझ्या मुलीला भूक रोज लागत होती. हे माझ्या भाषणात नव्हतं. तेल आलं तेव्हा सावरायला आम्ही इथे शिल्लक होतो, ते का होतो, हेही माझ्या भाषणात नव्हतं. ते आता पानावर आहे. टेबलाच्या शेवटी कुठले डबे असायचे आणि ते कोण न्यायचं, हे आहे. आणि एका डब्यात गोटे होते, तो कोणाचा, तेही नावासकट आहे.

मिलिंदला वाचून दाखवलं. त्यानं कागद हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचला. मग म्हणाला, "नाव काढून टाकलं तरी चालेल. कोणाला काय कळतंय?"

मी म्हटलं, "कळू दे."

शुक्रवारी सगळ्यांना डबे आणायला सांगितलं आहे, बंद, फडक्यात बांधून. सेक्रेटरी विचारत होता, मॅडम, पट्टी आणू का? मी म्हटलं, आण, ज्याला लावायची तो लावेल. टेबल मी लावणार आहे. तुमच्यासारखं वजन मला कळत नाही, पण हलका डबा कोणालाही कळतो. आईचा डबा मी भरून नेते आहे, भाभींच्याच तांदळाचा भात, वर साधं वरण. त्याच्यावर पट्टी नाही, झाकणालाही नाही आणि तळालाही नाही. तो पुढे ठेवीन, पहिल्या येणाऱ्यानं उचलावा. सगळे गेले की भिंतीजवळ जे उरलं असेल ते मी घरी आणीन. खबूस आणि कांदा आणून ठेवला आहे.